बंड्या सर

परवा रात्री पावणेतीनला आमच्या बिल्डिंगला आग लागली नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण एवढं एक वाक्य पटवून द्यायला मला त्या रात्री पंचवीस मिनिटं लागली.

सोसायटी नाशिकच्या पाथर्डी फाट्याकडची, सात मजले, दोन विंग, 56 फ्लॅट, आणि सेक्रेटरी मी. म्हणजे मीटिंग संपताना चप्पल सापडली नाही म्हणून जो मागे राहिला तो. आधीचे सेक्रेटरी फायर अलार्म बसवून मे महिन्यात मुलाकडे पुण्याला गेले, चार्ज देताना मला एक कापडाच्या दुकानाची पिशवी दिली, त्यात किल्ल्या, पावत्या आणि एक तुटका स्टॅम्प. सिस्टीम साधी नाही हां, मॉनिटर्ड आहे. पॅनलमध्ये सिम आहे, कुठे धुराचा डिटेक्टर वाजला की कंट्रोल सेंटरला सिग्नल, तिथून आपल्याला फोन. ऐकायला किती छान वाटतं.

तर हूटर सुरू झाला. ज्यांनी तो ऐकला नाही त्यांना सांगून कळणार नाही, ज्यांनी ऐकलाय त्यांच्या दातात अजून असेल. मी बनियन आणि बर्म्युड्यावर सहाव्या मजल्याच्या लॉबीपर्यंत धावत जाऊन आलो, धूर नाही, वास नाही, काही नाही, छताला डिटेक्टरचा लाल दिवा तेवढा शांतपणे लागलेला. पॅनलची किल्ली दिवसाच्या वॉचमनच्या खिशात, वॉचमन सिन्नरला. खाली पार्किंगमध्ये 56 फ्लॅटमधून अकरा माणसं आली. त्यातले दोघं लिफ्टने आले, 'आग लागल्यास लिफ्ट वापरू नये' हा बोर्ड लिफ्टच्या दाराशेजारीच आहे. बाकीचे ग्रुपवर, 'कसला आवाज?', 'कोणीतरी बघा', 'उद्या फर्स्ट शिफ्ट आहे, बंद करा', आणि एकाने नुसता अंगठा. खरंच आग असती तर हे लोक अंगठा टाकून झोपले असते का? असते.

तेवढ्यात फोन. अतिशय गोड आवाजाची मुलगी.

"गुड मॉर्निंग सर, आपल्या पॅनलवरून फायरचा सिग्नल आलाय. साइटवर आग आहे का?"

"नाही हो, मी स्वतः बघून आलो, काहीच नाहीये."

"ओके सर. कन्फर्मेशनसाठी कोडवर्ड सांगाल?"

कोडवर्ड? पिशवीत कोडवर्ड नव्हता.

"सर, कोडवर्डशिवाय मी 'आग नाही' असं लिहू शकत नाही."

"मग 'आग आहे' असं लिहा."

"त्याला कोडवर्ड लागत नाही सर. डायरेक्ट 101 ला कळवते. कळवू?"

म्हणजे आग असेल तर माझ्यावर विश्वास, नसेल तर नाही. हे मी जरा चढ्या आवाजात बोललो, तर शेजारी बी विंगचे काका, नाशिकरोडच्या नोटा छापायच्या प्रेसमधून रिटायर, एवढ्या रात्री इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, हातात घराच्या कागदपत्रांची फाइल, म्हणाले, "बरोबर बोलतेय ती पोरगी. आग लावणारा पण हेच सांगेल ना, की आग नाहीये. आमच्या प्रेसमध्ये झडती दिल्याशिवाय मॅनेजरला पण बाहेर सोडत नव्हते."

"काका, मी इथे सहा वर्षं राहतोय."

"ते तिला काय माहीत?"

मग काकांनीच अंदाज बांधायला घेतला. "गोदावरी म्हणून बघ." गोदावरी म्हटलं. चूक. "कुंभमेळा." सध्या नाशकात कुठलंही अडलेलं काम कुंभमेळ्याचं नाव घेतलं की सुटतं, हे सुटेना. "सर, आता एकच अटेम्प्ट आहे," इति गोड आवाज. मी तिला होल्ड करून पुण्याला फोन लावला. पहिल्या रिंगला उचलला त्यांनी! रात्री तीनला! आणि आधी पोटभर हसले.

कोडवर्ड होता 'बंड्या'.

आता बंड्या म्हणजे आमच्या पार्किंगमधलं तांबूस कुत्रं. जुने सेक्रेटरी त्याला रोज बिस्किटं घालायचे, ते माझ्या गाडीच्या बॉनेटवर झोपायचं, नखांचे ओरखडे अजून आहेत, आणि सेक्रेटरी झाल्यावर मी काढलेली पहिली नोटीस त्याला पार्किंगमध्ये खायला घालू नये अशी होती. सही माझीच.

"बंड्या," मी हळूच म्हटलं.

"सर, आवाज येत नाहीये, मागे हूटर चालू आहे. जरा मोठ्याने?"

"बंड्या!"

अकरा माणसांनी वळून बघितलं. एका गाडीखालून तो स्वतः शेपूट हलवत बाहेर आला आणि माझ्या पायाशी बसला.

"थँक्यू बंड्या सर," पलीकडून आलं, "आपलं नाव रेकॉर्डला घेतलंय. शुभ रात्री." काकांनी मान डोलावली, जणू झडती नीट पार पडली. शेवटी बायकोने ती पिशवी खाली आणली, पॅनलची दुसरी किल्ली त्यातच होती, मग हूटर बंद.

दुसऱ्या दिवशी एएमसीवाला, म्हणजे वार्षिक देखभालीच्या करारातला, मुलगा आला. डिटेक्टर उघडला तर आत पंख. ते पहिल्या पावसानंतर ट्यूबलाईटभोवती उडतात ना, पंखवाल्या मुंग्यांसारखे किडे, ते. त्याने समजावलं, आत अंधारी डबी असते, प्रकाश एका बाजूने जातो आणि सेन्सर त्याच्या वाटेत नसतो, धूर शिरला की प्रकाश विखरून सेन्सरवर पडतो. किड्यानेही पडतो. डिटेक्टरला किडा आणि धूर सारखाच. म्हटलं बरं, साफ करून दे. "क्लीनिंग एएमसीत येत नाही सर." मग येतं काय? "व्हिजिट."

वर चौथ्या मजल्यावर तीन डिटेक्टरना रंगाऱ्यांनी घातलेल्या प्लास्टिकच्या टोप्या तशाच होत्या, दिवाळीपासून. म्हणजे तिथे खरी आग लागली असती तर आमची ही 24 तास डोळ्यात तेल घालून बसलेली सिस्टीम गप्प. यावर तो मुलगा हसला. मला हसू आलं नाही, कारण जुलै आहे, आणि 2006 च्या महाराष्ट्राच्या अग्निसुरक्षा कायद्याप्रमाणे जानेवारी-जुलै असं वर्षातून दोनदा सगळं चालू आहे असा फॉर्म बी द्यायचा असतो, तो द्यायची जबाबदारी सोसायटीची, म्हणजे फिरून फिरून माझीच. टोप्या मीच शिडीवर चढून काढल्या. शिडी धरायला काका होते, बाकी कोणी नाही. मेंटेनन्स का वाढला हे विचारायला मात्र छत्तीस जण असतात.

कोडवर्ड बदलायचं पण विचारलं. जुन्या सेक्रेटरींची सही लागेल म्हणे.

आज सकाळी चहा घेत होतो तर तोच गोड आवाज. "गुड मॉर्निंग बंड्या सर, तुमच्या पॅनलचा टेस्ट सिग्नल आला नाही. सिमचा रिचार्ज संपलाय का?"

संपला होता.