फोडणी नाही, शेव बघा

'निरोगी राहायचं तर फोडणी बंद, सगळं वाफवून खा' हे आहारावरच्या एका लेखातलं वाक्य काही पटलं नाही. आमचे इंदूरचे पोहे वाफेवरच असतात, खाली उकळत्या पाण्याचं पातेलं आणि तेल अगदी नावाला. पण द्यायच्या आधी वर मूठभर शेव पडते, शेजारी जिलबी येते. तेल-तूप आहे ते तिथे! राजवाड्यापाशी सकाळी जरा उभं राहून बघा, 'भैया, सेव थोड़ी और' म्हणणारेच जास्त.

बिचाऱ्या फोडणीवर राग कशाला? अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वं अंगी लागायला जेवणात थोडा स्निग्धांश लागतोच. लहान चमचाभर तेलाच्या साधारण 40 कॅलरी होतात. आमच्या सासूबाई कोरड्या भाज्या खाऊन दुपारी भुकेने बिस्किटांचा पुडा फोडायच्या, त्याचा हिशेब कोण करणार? खरं तर लिहायला हवं होतं ट्रान्स फॅटबद्दल, म्हणजे तेल घट्ट करताना आणि वारंवार तापवताना तयार होणाऱ्या, हृदयाला घातक अशा स्निग्धांशाबद्दल. 2022 पासून आपल्याकडे तेल आणि वनस्पती तुपात त्याला 2 टक्क्यांची मर्यादा आहे, पण कढईत तेच तेल पुन्हापुन्हा तापवलं जातं त्याचं काय? त्यावर लेखात एक ओळ नाही.