वायफाय भाड्यात धरून

काल दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी मी जिन्याच्या चौथ्या पायरीवर बसलो होतो, मांडीवर लॅपटॉप होता, त्याच्या पडद्यावर बेंगळुरूचे साहेब धरून अकरा माणसे होती आणि माझ्या मागच्या पायरीवर, सर्वांना स्पष्ट दिसेल अशा बेताने, घरमालकांचे साडू पट्ट्यापट्ट्यांच्या पायजम्यात उभे राहून दिवाळीतली उरलेली चकली खात होते. "हे सगळे घरूनच काम करतात का?" असे त्यांनी मला विचारले. मी मान हलवली. "म्हणजे कोणीच कामावर जात नाही?" हा पुढचा प्रश्न मात्र अकराही जणांनी ऐकला, कारण नेमक्या त्या क्षणी, त्या आठवड्यात प्रथमच, आमच्या घरातले वायफाय उत्तम चालत होते.

चौथीच पायरी का, हे सांगणे भाग आहे. कोथरूडमधल्या एका जुन्या बंगल्याचा वरचा मजला मी आठ महिन्यांपूर्वी भाड्याने घेतला. जाहिरातीत 'पाणी चोवीस तास, दुचाकीला जागा, वायफाय भाड्यात धरून' असे लिहिले होते आणि त्यातल्या शेवटच्या तीन शब्दांवर भाळून मी अनामत मोजली. भाड्यात धरलेल्या गोष्टीबद्दल तक्रार करता येत नाही, हे मला पुढे उमगले. नळाला पाणी आले नाही तर घरमालक, म्हणजे काका, स्वतः गच्चीवर धावतात. वायफाय गेल्याचे सांगितले की मात्र फुकट जेवायला बसलेल्या पाहुण्याने जिलबीत पाक कमी आहे म्हणावे आणि यजमानाने त्याच्याकडे बघावे, तसे ते माझ्याकडे बघतात.

राऊटर खाली काकांच्या दिवाणखान्यात, मागे आरसा लावलेल्या शोकेसमध्ये, संगमरवरी ताजमहाल आणि पितळी मोर यांच्या मधोमध विराजमान आहे. त्याच्या अंगावर काकूंनी स्वहस्ते विणलेला क्रोशाचा रुमाल असून, त्याच्या दोन्ही अँटेना ताजमहालाच्या मिनारांशी जुळतील अशा ताठ उभ्या केलेल्या आहेत. शोकेसला लागून माशांची चार फुटी टाकी आहे. रेडिओलहरींचा कोणी सूड घ्यायचे ठरवले असते, तरी त्याला याहून चांगली जागा सापडली नसती. आरशामागचा धातूचा पातळ थर त्या लहरी परतवून लावतो, टाकीतले पाणी त्या शोषून घेते आणि यातूनही ज्या वाचतात त्यांना सळयांचा स्लॅब गाळून काढतो. या वास्तूत इंटरनेटचा खरा लाभ कोणाला होत असेल, तर तो त्या सात माशांना होतो.

मी हौसेने फोनवर एक मोजमापाचे ॲप घेतले आणि एका रविवारी घरभर फिरून आकडे लिहून काढले. माझ्या पलंगापाशी उणे ८४ डीबीएम, स्वयंपाकघरात उणे ८८ आणि जिन्याच्या चौथ्या पायरीवर उणे ६१. डीबीएम हे लहरींच्या शक्तीचे माप आहे आणि त्यात आकडा शून्याच्या जितका जवळ तितकी रेंज चांगली. पलंग आणि पायरी यांच्यातला फरक दिसायला तेवीसचाच असला, तरी या मापात दर दहामागे शक्ती दहापट होत असल्यामुळे चौथ्या पायरीवर माझ्या पलंगापेक्षा सुमारे दोनशेपट शक्ती पोचते. पाचव्या पायरीला जिना वळतो आणि सगळे संपते. २०२३ साली सरकारने ब्रॉडबँडची व्याख्या सुधारली आणि किमान वेग ५१२ केबीपीएसवरून २ एमबीपीएसवर नेला. माझ्या पलंगावर ०.४ एमबीपीएस, म्हणजे ४०० केबीपीएस मिळतो, म्हणजे तो पलंग जुन्या व्याख्येतही बसत नव्हता. चौथ्या पायरीवर मी आता एक पातळ उशी कायमची ठेवली आहे. काकूंनी ती दोनदा उचलून 'कोणाची तरी पडली होती' म्हणून परत आणून दिली.

शिवाय पायरीवरही ठरावीक वेळीच रेंज असते. दुपारी सव्वाचारला काकू चहाचे दूध मायक्रोवेव्हमध्ये तापवतात. ते यंत्र आणि आमचा राऊटर एकाच पट्ट्यात, २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास काम करतात आणि यंत्राच्या जुन्या दारातून जी किंचित गळती होते ती पोटाला अपायकारक नसली तरी बैठकीला पुरते. त्या पट्ट्यात एकमेकांच्या पायात न येणाऱ्या वाटा, म्हणजे चॅनेल, मुळात तीनच आहेत, एक, सहा आणि अकरा. आणि आमच्या गल्लीतले सतरा राऊटर सहाव्या क्रमांकावर, दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी लक्ष्मी रस्त्यावर लोटावेत तसे, एकाच वाटेवर लोटलेले आहेत. रात्री दहा वाजता काका राऊटर बंद करतात. "दिवसभर चालतो बिचारा, त्यालाही विश्रांती हवी," असे ते म्हणतात. फ्रिजला ही दया कधी दाखवल्याचे मला आठवत नाही.

स्वतःचे कनेक्शन का घेत नाही, असे मित्र विचारतात. त्यांनी आमचा करारनामा वाचलेला नाही. त्यात भिंतीस खिळा, स्क्रू किंवा छिद्र पाडू नये असे कलम आहे आणि फायबरची तार अद्याप छिद्राशिवाय घरात शिरायला शिकलेली नाही. खिडकीतून घ्यावी म्हटले, तर खिडकीची जाळी 'दर्शनी बाजू' या सदरात येते. करार अकरा महिन्यांचा आणि 'लीव्ह अँड लायसन्स' पद्धतीचा असल्यामुळे बोलण्यात मला भाडेकरू म्हटले, तरी कागदोपत्री मी केवळ परवानाधारक आहे. याउलट २.४ गिगाहर्ट्झचा तो पट्टा भारत सरकारने २००५ सालीच परवान्याच्या अटीतून मोकळा केला. म्हणजे या घरात लहरींना हिंडायला परवाना लागत नाही, तो मला लागतो. आणि तरीही त्या वर येत नाहीत, मीच उशी घेऊन खाली उतरतो.

तर काल सव्वाचारला, साहेबांनी "तुमचं यावर काय मत आहे?" असे विचारल्याबरोबर खालून मायक्रोवेव्हची घरघर ऐकू आली आणि साहेबांचे तोंड उघडेच राहिले. दूध तापून झाले, तरी या वेळी रेंज परतली नाही. मी खाली जाऊन, राऊटर एकदा बंद करून सुरू करावा अशी विनंती केली. एरवी काकांनी ती पाचएक मिनिटांच्या विचाराअंती मान्य केली असती. परंतु साडू माझ्या मागोमाग उतरले होते.

"थांबा," ते म्हणाले. "कोणी हात लावू नका."

हे गृहस्थ मिरजेचे. घरात सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणतात. "टेलिफोनमध्ये तेहेतीस वर्षं काढली मी," असे त्यांनी मला आल्या दिवशी सांगितले होते आणि त्यानंतर रोज एकदा सांगितले होते. त्यांनी चकलीचे हात पायजम्याला पुसले, क्रोशाचा रुमाल दोन बोटांनी उचलून काकूंच्या हाती दिला आणि राऊटर सरळ कानाला लावला. दिवाणखान्यात शांतता पसरली. काकांनी माशांच्या टाकीचा पंप बंद केला.

"टोन नाही," भाऊसाहेब म्हणाले.

याला टोन नसतो असे मी सांगू लागलो, तेव्हा त्यांनी डोळे मिटून मला हातानेच थांबवले आणि राऊटरच्या पाठीवर तळहात ठेवला. "अंग गरम आहे. वर किती जण वापरता?"

"मी एकटाच."

"फोन किती?"

"एक."

"आणि तो मांडीवर घेऊन बसता तो?"

"तोही एकच."

"म्हणजे दोन झाले." त्यांनी काकांकडे बघितले.

"करारात एकच माणूस आहे," काका हळूच म्हणाले.

मी फ्रिज, पंखा आणि इस्त्री यांची उदाहरणे देणार होतो. पण भाऊसाहेब आता सोफ्यावर मांडी ठोकून बसले होते आणि राऊटर त्यांच्या मांडीवर एखाद्या आजारी नातवासारखा पडला होता. "मला सांगा, वायरलेस म्हणजे काय?"

"बिनतारी," मी म्हणालो.

"चूक. लेस म्हणजे कमी. वायर कमी, नाही असं नव्हे. आता तुमच्या मजल्यावर वायर किती आहे?"

"अजिबात नाही."

"मग येणार कुठून?"

माझ्या अंगावर शहारा आला. इंग्रजी व्याकरणाचा एवढा खून करून हा मनुष्य अगदी बरोबर ठिकाणी पोचला होता. वायफाय शेवटी कुठेतरी तारेलाच टेकलेले असते. जिन्याच्या कडेने एक साधी केबल वर नेऊन तिच्या टोकाला दुसरा लहान राऊटर बसवला, तर हा सगळा प्रश्न मिटतो. स्वतःच्या खर्चाने ते करण्याची परवानगी मी गेले आठ महिने मागत होतो. "काका, भाऊसाहेब तेच म्हणताहेत," मी घाईने म्हणालो, "एक केबल वर घेऊ, खिळा नको, नुसती चिकटपट्टीने…"

"छे, छे! चांगल्या घराच्या भिंती कशाला खराब करता?" भाऊसाहेब म्हणाले. "आमच्या वेळी लोक फोनसाठी नाव नोंदवून आठ-आठ, दहा-दहा वर्षं थांबत. मी फोन जोडायला गेलो की माझ्यासमोर पेढे ठेवत. तुम्हाला आठ महिन्यांत कंटाळा आला?"

आणि मग त्यांनी ते केले. राऊटरच्या पाठीतल्या सगळ्या तारा उपटल्या, गाल फुगवून प्रत्येक भोकात एकेक फुंकर मारली, पिना पायजम्याच्या नाडीने पुसल्या आणि तारा पुन्हा खोचल्या. दिवे लागले. एक तांबडा लुकलुकला, थांबला, हिरवा झाला. माझ्या फोनमध्ये रेंजच्या चारही रेघा उभ्या राहिल्या. काकूंनी अभावितपणे हात जोडले, ते राऊटरला की भाऊसाहेबांना, हे मला सांगता येणार नाही.

हा फुंकरीचा गुण नव्हता. बंद करून सुरू केला की तो राऊटर आजूबाजूची गर्दी चाचपून मोकळी वाट निवडतो. माझ्या ॲपवर दिसत होते की तो सहावरून अकरावर सरकला होता. मी खालीच येऊन तेवढे करा म्हणालो होतो. हे मी काकांना ॲप दाखवून सांगितले. त्यांनी चष्मा लावून तो आलेख नीट बघितला आणि म्हणाले, "हो, म्हणजे फुंकर मारल्यावर सरकला."

मी वर येऊन बैठकीत परत शिरलो, तेव्हा बैठक संपत आली होती. साहेबांनी कामाविषयी काहीच विचारले नाही; "मागे उभे होते ते तुमचे वडील का?" एवढेच विचारले आणि मी त्यांना हो म्हणालो, कारण खरे सांगायला जेवढी मिनिटे लागली असती तेवढा भरवसा मला त्या चार रेघांचा नव्हता.

खरे सांगायचे तर मला राग फुंकरीचा आलेला नाही. शोकेसचा आरसा चुकवून राऊटर फक्त तीन फूट डावीकडे, टीव्हीच्या टेबलावर ठेवा, असे मी एप्रिलपासून सांगतो आहे. एप्रिलमध्ये 'बघू' असे उत्तर मिळाले, जूनमध्ये 'काकूंना विचारतो' असे मिळाले आणि गणपतीनंतर 'तुम्हाला फारच लागतं हो इंटरनेट' असे मिळाले. मी दर महिन्याच्या पाच तारखेच्या आत भाडे भरतो, त्यातच या वायफायचे पैसे धरलेले आहेत, आणि माझ्या तीन फुटांना जे जमले नाही ते चार दिवसांच्या पाहुण्याच्या तोंडच्या वाऱ्याला जमले. तक्रार नोंदवावी तर कनेक्शन काकांच्या नावावर आहे, ओटीपी काकांच्या फोनवर येतो आणि एक ते चार काका झोपलेले असतात. चार वाजता उठून ते मला तो ओटीपी प्रामाणिकपणे वाचून दाखवतात.

आज सकाळच्या गाडीने भाऊसाहेब मिरजेला गेले. संध्याकाळी सातच्या सुमारास रेंज गेली आणि मी उशी काखेत मारून खाली उतरलो. काका शोकेससमोर हात मागे बांधून उभे होते. रुमाल नीट घडी करून बाजूला ठेवलेला होता आणि राऊटर किंचित ओला दिसत होता.

"मी मारून बघितली," ते म्हणाले, "पण हातगुण लागतो त्याला. भाऊसाहेब आता संक्रांतीला येतील. तोवर जरा जपून वापरा."