चढ नसलेल्या वाटेबद्दल: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

बेल्जियममधल्या न्यूपोर्ट ते डिक्समाउदे या सायकलवाटेवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया वाचली. तिथल्या तिथे दोन ओळींत उत्तर देऊन भागणार नाही, म्हणून सविस्तर लिहितो. इतरांसाठी थोडक्यात सांगायचं तर तुमचं म्हणणं असं: गाड्या नाहीत, चढ नाही, बसायला बाकडी आहेत, मग याला सायकलिंग का म्हणायचं, सरळ सहल म्हणा. जिथे हजारो माणसं मेली तिथे असं मजेत हिंडणं तुम्हाला खटकलं. आणि पहिल्या महायुद्धाच्या या भूमीवर एवढं लिहून भारतीय सैनिकांबद्दल एक अक्षरही नाही, याचा तुम्हाला राग आला आहे.

चढापासून सुरुवात करतो, कारण मला जे म्हणायचंय ते सगळं तिथेच आहे.

ही वाट म्हणजे जुन्या रेल्वेमार्गाचा भराव. रूळ कधीच उखडले गेले, भराव राहिला. त्याची उंची किती? आजूबाजूच्या शेतांपेक्षा जेमतेम एक-दोन मीटर. आपल्याकडच्या शेताच्या बांधाला जरा उंच आणि रुंद करा, तेवढीच. गाडीतून गेलात तर कळणारसुद्धा नाही. सायकलवर मात्र गावातून वाटेवर चढताना पायाला हलका जोर लागतो आणि वर आलं की दोन्ही बाजूंना शेतं खाली गेलेली दिसतात. लेख लिहिण्यासारखं त्या वाटेवर मला काही वाटलं असेल, तर ती ही उंची.

कारण ऑक्टोबर १९१४ मध्ये बेल्जियमचं उरलेलं सैन्य याच भरावामागे येऊन थांबलं होतं. अँटवर्प हे मोठं बंदराचं शहर पडलेलं, देशाचा बहुतेक भाग जर्मनांच्या हातात. आयझर नदीवर अडवायचा प्रयत्न झाला, पण २२ ऑक्टोबरला जर्मन तुकड्या नदी ओलांडून अलीकडे आल्या. मागे हटायला जागा फारशी नव्हती, दारूगोळा संपत आलेला. मग समुद्र आत घ्यायचं ठरलं.

तो सगळा प्रदेश पोल्डरचा, म्हणजे समुद्राकडून मिळवलेली जमीन. भरतीच्या वेळी समुद्राची पातळी शेतांच्या वर असते. न्यूपोर्टला गान्झेपोट नावाची जागा आहे, तिथे नदी, कालवे आणि चर असे सहा प्रवाह एकत्र येतात आणि प्रत्येकावर पाण्याची दारं आहेत. एरवी त्यांचं काम सोपं: ओहोटीला उघडायची, शेतातलं पाणी समुद्रात जाऊ द्यायचं, भरतीला बंद करायची. त्या आठवड्यात हेच उलटं केलं गेलं. भरतीला दारं उघडली, ओहोटी सुरू झाली की बंद केली. कुठलं दार कुठल्या चराला पाणी देतं हे सैन्यातल्या कुणाला धड माहीत नव्हतं. ते माहीत होतं शेतातल्या पाण्याच्या निचऱ्याच्या देखरेखीवर असलेल्या कारेल कॉग यांना आणि हेंड्रिक गेरार्ट नावाच्या नावाड्याला. या गेरार्टची छबी पुढे बेल्जियमच्या हजार फ्रँकच्या नोटेवर आली. नोटेवर नावाडी छापणारा देश मला तरी दुसरा माहीत नाही.

पहिला प्रयत्न पुरेसा ठरला नाही. २९ ऑक्टोबरच्या रात्री नोर्डव्हार्ट कालव्याची दारं उघडली आणि मग पुढच्या भरत्यांना पाणी पसरत गेलं. पण पसरलेलं पाणी कुठेतरी थांबायला हवं ना? नाहीतर बेल्जियन खंदकही बुडाले असते. इथे भराव कामाला आला. त्याच्याखाली पाणी जाण्यासाठी मोऱ्या होत्या, त्या सैन्याने आधीच बुजवून घेतल्या होत्या. भरावाच्या एका अंगाला बेल्जियन कोरडे, दुसऱ्या अंगाला जर्मनांच्या पायाखाली पाणी चढतंय. ३० तारखेला जर्मनांनी भराव ओलांडून रामस्कापेले गाव घेतलं, आणि मागे पाणी वाढत असताना दुसऱ्याच दिवशी ते सोडावं लागलं. भराव आणि नदी यांच्यामध्ये दोन-तीन किलोमीटर रुंदीचं उथळ तळं झालं. चालत जायला खोल, होड्या घालायला उथळ. ते १९१८ पर्यंत राहिलं.

आता सांगा, हा भराव सपाट असल्याची तक्रार करायची कशी? रेल्वेमार्ग सपाट असतोच, इंजिनाला चढ सोसत नाही. पण एक-दोन मीटरची ती उंची सलग होती, म्हणून ती धरण झाली. मध्ये एखादा खोलगट भाग असता तर पाणी तिथूनच निसटलं असतं. जी सलग, एकसारखी पातळी तुम्हाला कंटाळवाणी वाटते, तिच्यावर एका देशाचा राहिलेला कोपरा टिकला. घाटात सायकल चालवणाऱ्यांना उंची म्हणजे शेकडो मीटर वाटते. तिथे हातभर उंचीला किंमत होती, आणि ती मोजायला सायकलसारखं साधन नाही. चालताना ती हळूहळू विसरायला होते, गाडीत कळत नाही.

राहता राहिला कष्टाचा मुद्दा. झाडं नाहीत, आडोसा नाही, आणि समुद्राकडून येणारा वारा. मागे पॅनियर, म्हणजे सामानाच्या पिशव्या लावलेली सायकल अशा वाऱ्यात शीड होते. बाजूने वारा असेल तर हँडल सतत एका बाजूला धरून ठेवायचं, आणि समोरून आला तर सपाटीवर घाटातला गिअर. सहल म्हणायला माझी हरकत नाही, पण एकदा नोव्हेंबरात जाऊन या आणि मग बोलू.

गाड्या नसण्याबद्दल इतकंच म्हणेन की रस्त्यावर लक्ष ठेवावं लागत नाही म्हणूनच बाकीचं दिसतं. रामस्कापेलेच्या जुन्या स्टेशनची भिंत, तिच्यावरची भोकं, शेतात अर्धे रुतलेले काँक्रीटचे बंकर. मागे हॉर्न वाजत असता तर मी ती भिंत नुसती ओलांडून गेलो असतो.

मजेत हिंडण्याचं म्हणाल, तर मला यात अपमान दिसत नाही. वाट सोडून थोडं आत गेलं की व्लाद्स्लोची जर्मन दफनभूमी आहे. पंचवीस हजारांहून जास्त सैनिक तिथे पुरलेत. चित्रकार आणि शिल्पकार केथे कोलविट्झ हिचा मुलगा पीटर याच भागात ऑक्टोबर १९१४ मध्ये मारला गेला. तिने घडवलेले गुडघे टेकलेले आई-वडील तिथे बसलेत. बापाने हात छातीशी घट्ट आवळलेले, पाठ ताठ. आई पार वाकलेली. तिथे सायकल फाटकाला टेकवून आत जाणाऱ्यांत शाळकरी पोरंही असतात, डबा खाऊन आलेली, हसत-खिदळत आलेली. आत गेल्यावर ती आपोआप गप्प होतात. बसमधून मार्गदर्शकासोबत उतरलेल्या माणसांपेक्षा ती काही कमी गंभीर नसतात. आणि त्या प्रदेशात लोक राहतात, बटाटे आणि बीट पिकवतात, नांगराला आजही तोफगोळे लागतात. ते रस्त्याकडेला ठेवतात आणि सैन्याचं बॉम्बशोधक पथक घेऊन जातं. (तुम्ही गेलात तर असं काही दिसल्यास हात लावू नका, वाकून फोटोही नको.) त्यांनी शंभर वर्षं सुतकात बसावं असं तर आपण म्हणणार नाही.

आता भारतीय सैनिक. लेख आयझरचा होता, आणि तो टापू बेल्जियन सैन्याचा. आपले जवान होते त्याच्या दक्षिणेला, बेल्जियममधल्याच ईपर शहराच्या बाजूला आणि पुढे फ्रान्समध्ये. ओढूनताणून त्यांना त्या भरावावर आणून बसवलं असतं तर ते खोटं झालं असतं. पण तारखा शेजारी ठेवल्या की अंगावर येतं. न्यूपोर्टला दारांची खटपट चालू होती तेव्हाच, २८ ऑक्टोबरला, खडकीच्या सॅपर्स अँड मायनर्सच्या विसाव्या आणि एकविसाव्या कंपनीने सत्तेचाळिसाव्या शीख पलटणीबरोबर फ्रान्समधल्या नव्ह शापेलवर हल्ला केला. पूल आणि खंदक बांधणारी ही माणसं, त्यांना पायदळासारखं गावात घुसवलं आणि फार थोडी धड परत आली. आणि ज्या ३१ तारखेला जर्मनांना रामस्कापेले सोडावं लागलं, त्याच दिवशी ईपरजवळच्या होलेबेकेला १२९व्या बलुची पलटणीचे खुदादाद खान जखमी अवस्थेत एकटे मशीनगन चालवत राहिले. त्यांच्या तोफेवरचे बाकीचे सगळे मेले होते. व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेले ते पहिले भारतीय सैनिक.

तिथेही सायकलने जाता येतं, आणि मी सांगतोय ती उंचीची गोष्ट तिथे आणखी ठळक होते. होलेबेकेच्या अलीकडे पालिंगबेकचं रान आहे. ईपर ते कोमिन हा कालवा तिथे खणायला घेतला, काठ ढासळत राहिले, कालवा कधी धड चाललाच नाही. खणताना उपसलेल्या मातीचा ढीग मात्र उरला, आणि त्या ढिगासाठी माणसं वर्षानुवर्षं लढली. जवळचीच हिल ६० ही टेकडीसुद्धा रेल्वेसाठी केलेल्या खोदाईतली माती. समुद्रसपाटीपासून साठ मीटर, म्हणून ते नाव. जून १९१७ मध्ये तिच्या पोटात सुरुंग उडवला, तो खड्डा अजून आहे.

ईपरच्या मेनिन गेट या युद्धस्मारकाच्या कमानीवर चारशेहून अधिक भारतीय नावं कोरलेली आहेत. वाटांचं म्हणाल तर सायकलवाटांच्या फाट्यांवर क्रमांकांच्या पाट्या असतात, त्यांच्या मागे जायचं, नकाशा फारसा लागत नाही. होलेबेकेवर वेगळा लेख लिहिणारच आहे. तिथे किंचित चढ आहेत, तेव्हा तुमची निदान एक तक्रार कमी होईल.