राजा नव्हता म्हणून न्यायही नव्हता?

नायजेरियातल्या इग्बो लोकांबद्दलचा एक मजकूर सध्या बराच फिरतोय. म्हणे, या समाजाला ना राजा होता ना कायदा. भांडण झालं की देवस्थानात नेऊन शपथेची भीती घालायची, एवढाच त्यांचा न्याय. शिस्त आणली ती इंग्रजांनी. हे वाचून फार वाईट वाटलं, म्हणून एकेक मुद्दा घेते.

राजा नव्हता, हे बहुतेक गावांपुरतं खरं आहे. 'इग्बो एन्वे एझे', इग्बोंना राजा नाही, ही त्यांचीच म्हण (ओनित्शासारख्या ठिकाणी मात्र राजा होता). पण म्हणून न्याय नव्हता, हे कुठून आलं? गावात भावकी असते, तिला उमुन्ना म्हणतात. ज्येष्ठाच्या हाती ओफो, म्हणजे न्यायाची छोटी काठी. दोन्ही बाजूंनी चारचौघांत बोलायचं, मग जाणती माणसं बाजूला जाऊन खल करणार आणि परत येऊन निकाल सांगणार. तेढ फारच वाढली तर बाहेर दिलेल्या लेकी, उमुआदा, माहेरी येऊन ठाण मांडतात. त्यांचा शब्द मोडायला भलेभले कचरतात.

शपथ आहेच. तिला इयी म्हणतात. पण ती येते साक्षीपुराव्याने काहीच ठरेनासं झाल्यावर. शपथ घेणाऱ्याला मुदत मिळते, बहुधा वर्षभराची; तेवढ्यात काही बरंवाईट झालं नाही तर तो सुटला. आपल्याकडे गोतसभेत निकाल लागेना तेव्हा दिव्य करायला लावत, बेलभंडार उचलायला लावत. म्हणून मराठी मुलखात न्यायच नव्हता असं आपण म्हणतो का? नायजेरियाच्या सर्वोच्च न्यायालयानेही १९९१ च्या एका निकालात पंचांसमोरचा असा निवाडा मान्य केला. अट ही की, दोन्ही बाजू आपखुशीने आलेल्या हव्यात.

मजकुरात नसलेली गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटते, ती इग्बा न्दू. न्दू म्हणजे जीव. कुणी विष घातलं, कुणी करणी केली अशा संशयाने दोन घरं एकमेकांकडचं पाणीही पिईनाशी होतात. तिथे दोषी कोण, हे उकरत बसण्याने काही जुळत नाही. मग सगळ्यांना एकत्र बसवतात. ओजी, म्हणजे कोलाची बी, फोडतात. जुन्या रीतीत तिला दोघांच्या रक्ताचा थेंब लावत. 'तुझ्या जिवावर उठणार नाही' अशी आण दोन्हीकडून घेतली जाते आणि त्याच बीचे तुकडे सगळे खातात. ज्याच्या हातचं खायची भीती वाटत होती, त्याच्याचबरोबर, सगळ्यांच्या देखत खायचं! तुटलेला विश्वास सांधायला याहून नेमकी कृती मला तरी सुचत नाही.

आता त्या मजकुरासोबत फिरणारे ओकिजा या इग्बो गावाचे फोटो. २००४ मध्ये तिथल्या देवस्थानावर पोलिसांनी छापा घातला, कवट्या आणि मृतदेह सापडले, हे खरं आहे. आरोचुक्वू या दुसऱ्या इग्बो गावातल्या देवस्थानाने दोषी ठरवलेल्यांना गुलाम म्हणून विकलं जाई, हेही खरं. देवाच्या नावावर धंदा मांडणारे तिथे होते आणि त्यांची भलामण मी करणार नाही. पण भावकीची बैठक आणि हा बाजार एकच आहे, असं म्हणणं अन्यायाचं आहे.

राहिली इंग्रजांची शिस्त. १९०१-०२ च्या मोहिमेत त्यांनी आरोचुक्वूचं देवस्थान उद्ध्वस्त केलं आणि गावांवर सनद दिलेले मुखिया बसवले. त्यांच्या कोर्टांत लाचखोरी माजली. १९२९ मध्ये, आता बायकांवरही कर बसणार या धास्तीने, हजारो बाया ताडाची पानं हाती घेऊन या मुखियांच्या दारात उभ्या राहिल्या. सरकारने गोळीबार केला, पन्नासहून अधिक बाया मारल्या गेल्या. मुखिया पद्धत अखेर मोडीत काढावी लागली. मग १९३० च्या दशकात इंग्रज अधिकारी वह्या घेऊन गावोगाव हिंडले, ते या जुन्या बैठकी कशा चालतात हे लोकांना विचारून लिहून घ्यायला.