पोच द्या

आमच्या प्राचार्यांनी पुण्याच्या कार्यशाळेत संवादाचं महत्त्व ऐकलं आणि सांगलीत उतरायच्या आत व्हॉट्सॲप ग्रुप काढला. नाव 'आपलं कुटुंब'. हल्ली ग्रुपमध्ये १०२४ माणसं मावतात. आम्ही ६८ जण, पण पोच द्यायला बसलो की १०२४ लाही भारी.

सर रात्री पावणेअकराला लिहितात, 'उद्या पहिला तास साडेसातला. पोच द्या.' मग 'ओके सर', 'नोटेड सर', जोडलेले हात, अंगठे आणि गणिताच्या मॅडमचं रोजचं जास्वंद. सकाळी बघावं तर साडेसात त्या ढिगाखाली गाडलेलं. मी पोच वेळेत दिली होती. पोचलो मात्र आठला.

मेसेज दाबून धरायचा आणि कुणी वाचला ते बघायचं, हा सरांचा नवा छंद. एकदा त्यांनी टाकलं, 'खालील ७ जणांनी कालची सूचना वाचलेली नाही. त्यांनी दुपारी मला भेटावे.' एकही गेला नाही. जाणार कसा? वाचलं कुठं होतं!

मीटिंगही ऑनलाइनच. सरांची केबिन आणि आमची स्टाफरूम यांच्यामध्ये फक्त प्लायवूड. त्यामुळे 'मित्रहो' आधी प्लायवूडमधून येतं, दोन सेकंदांनी मोबाइलमधून. आमच्या शिपाईमामांकडं बटणाचा फोन. तरी सुट्टीची बातमी चहाच्या ट्रेबरोबर तेच पहिली आणतात.

पावसाळ्यात मात्र कोयनेतून विसर्ग वाढला, की ग्रुपची भाषा बदलते. 'आयर्विन ३६.' म्हणजे आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ३६ फुटांवर. तासा-दोन तासांनी, '३८.' बस्स. ४० ला इशारा, ४५ ला धोका, हे इथं शेंबड्या पोरालाही पाठ. २०१९ ला ५७ फुटांच्या वर गेलेलं पाणी बघितलंय सगळ्यांनी. मागं अशाच एका रात्री सरांनी लिहिलं, 'सूर्यवंशी प्लॉटवाल्यांनो, सामान घेऊन या. हॉल उघडलाय.' पोच मागायचं विसरले. कुणी दिलीही नाही. तासाभरात दारात टेम्पो, त्यात सिलेंडर, कपाटाचे नुसते ड्रॉवर, भडंगाचा डबा आणि मांडीवर मांजर घेतलेली कुणाचीतरी आजी. लुंगीवरचे सर गाद्या उतरवत होते.

पहाटे चारला जरा डोळा लागतोय, तोवर हॉलमधले दहा-बारा फोन एकदम किणकिणले. 'सर्वजण सुखरूप? पोच द्या.'

सर माझ्यापासून तिसऱ्या गादीवर.

"काय म्हणत्यात?" मामांनी विचारलं. मी सांगितलं. मामा अंधारातनंच ओरडले, "व्हय सर!"