रिकाम्या डिस्कला भाडं मिळत नाही

इंदूरच्या मराठी व्हॉट्सॲप गटांत एक निरोप फिरतो आहे: “घरात पडून असलेली ४ टीबीची हार्डडिस्क स्टोर्ज नेटवर्कला जोडा. डिस्क लावताच टोकन सुरू, भाव चढला की कमाई दुप्पट. भावाच्या घरीही एक बसवा. वीज आणि इंटरनेटचं बिल तर आपण भरतोच.”

स्टोर्ज ही कंपनी ग्राहकांचा डेटा लोकांच्या घरच्या डिस्कवर साठवते आणि मोबदला आपल्या क्रिप्टो-टोकनमध्ये देते. असा जोडलेला संगणक म्हणजे नोड. “लावताच सुरू” हे खोटं. पैसे ग्राहकांच्या डेटाने व्यापलेल्या जागेचे मिळतात, तुम्ही मोकळ्या ठेवलेल्या जागेचे नाही. २०२३ मधल्या कपातीनंतरचा दर असा: एक टीबी महिनाभर सांभाळल्याचे १.५० डॉलर, ग्राहकाने उतरवून घेतलेल्या प्रत्येक टीबीचे २ डॉलर. तुमच्याकडे डेटा येतो त्याचे शून्य. नवा नोड आधी पारखला जातो आणि तोवर त्याच्याकडे फारच थोडा डेटा येतो. ४ टीबी भरायला कित्येक महिने जातात, आणि भरल्यावरही साठवणुकीचे होतात ६ डॉलर. शिवाय पहिले तीन महिने ७५ टक्के, पुढचे तीन ५० टक्के, त्यापुढचे तीन २५ टक्के रक्कम अनामत म्हणून अडकते. पंधरा महिन्यांनी त्यातली अर्धी सुटते, उरलेली नोड रीतसर बंद केल्यावर. डिस्क नुसती काढून घेतली, तर अनामत बुडाली.

“भाव चढला की दुप्पट” यातही गफलत आहे. हिशेब डॉलरमध्ये होतो आणि पेआउटच्या (पैसे चुकते होण्याच्या) दिवशीच्या भावाने टोकन मिळतात. भाव दुप्पट, तर टोकन निम्मे. साठवलेल्या टोकनांवर नफा होईलही, पण तो सट्टा. सराफ्यात चांदी घेऊन ठेवावी तसा. पेआउट थेट इथेरियमवर, म्हणजे हे टोकन ज्यावर चालतं त्या मूळ ब्लॉकचेनवर घेतला, तर रक्कम व्यवहार-शुल्काच्या चौपट होईपर्यंत पुढे ढकलली जाते. म्हणून छोटे नोडवाले झेडके-सिंक हे इथेरियमवरच उभं असलेलं, कमी शुल्काचं जाळं निवडतात. तिथे पत्ता स्वतःच्या वॉलेटचा (ज्याची किल्ली तुमच्याकडे असते) द्या. टोकनची खरेदी-विक्री करणाऱ्या एक्स्चेंजचा दिला आणि त्याला ते जाळं चालत नसलं, तर टोकन गेले.

भावाच्या घरी? आयपी पत्ता म्हणजे इंटरनेट-जोडणीचा क्रमांक, टिंबांनी तोडलेले चार आकडे. ज्यांच्या पत्त्यातले पहिले तीन आकडे सारखे, ते सगळे नोड डेटा वाटताना एकच धरतात. एकाच कॉलनीत एकाच कंपनीचं फायबर असेल, तर वाटा दोघांत विभागण्याची शक्यता मोठी. बऱ्याच घरगुती जोडण्यांना तर स्वतःचा सार्वजनिक आयपीच नसतो. मग राउटरवर २८९६७ पोर्ट, म्हणजे नोडकडे येणारी वाट, टीसीपी-यूडीपी या दोन्ही प्रकारच्या वाहतुकीसाठी उघडूनही नोड ऑफलाइनच दिसतो. इंटरनेट कंपनीकडे स्टॅटिक, म्हणजे न बदलणारा, आयपी मागा, त्याचं शुल्क वेगळं.

राहिली वीज. जुना डेस्कटॉप ६० वॉट ओढतो असं धरा: महिन्याला ४३ युनिट, ७ रुपयांनी सुमारे ३०० रुपये. डॉलर ८५ रुपये धरला तर पूर्ण भरलेल्या ४ टीबीचे मिळतात ५१०. रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक आणि एक डिस्क १५ वॉटमध्ये भागते, बिल ७५ रुपयांच्या आसपास. हा उद्योग करायचाच तर असा करा, आणि यूपीएस लावा. वीज गेल्याने नोड लगेच बाद होत नाही. ३० दिवसांतली हजेरी ६० टक्क्यांखाली गेली, तरच तो निलंबित होतो. खरा घात अचानक बंद पडून फायली बिघडण्यात आहे. ऑडिटचा, म्हणजे डेटा शाबूत आहे का या तपासणीचा, गुण ९६ टक्क्यांखाली गेला की नोड कायमचा बाद, अनामतीसकट.

आणि टोकन विकून झालेल्या नफ्यावर एप्रिल २०२२ पासून ३० टक्के कर आहे. त्यातून टोकनची खरेदी-किंमत तेवढी वजा होते, “आपण भरतोच” म्हटलेलं विजेचं बिल नाही.