हवेच्या सेन्सरला रेझिस्टर लावू नका

परवा रात्री साडेअकराला भाच्याचा मेसेज आला. "मावशी, हे लावलंय. गाडी जाम पळतेय. बघ ना एकदा." सोबत फोटो. इनटेकमधल्या, म्हणजे इंजिनात शिरणाऱ्या हवेचं तापमान मोजणाऱ्या सेन्सरची वायर मधोमध कापलेली, तिथे एक किलोओहमचा, म्हणजे हजार ओहमचा रेझिस्टर (विजेला रोध करणारा छोटा भाग) पिळून जोडलेला आणि वरून काळी चिकटपट्टी. खाली तोच फॉरवर्ड, जो गेले काही महिने मला सारखा कुणी ना कुणी पाठवतंय.

ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. त्याचं म्हणणं असं, की टर्बो पेट्रोल गाडीचा कंपनीचा संगणक बंदिस्त असतो, त्यातला इंधनाचा तक्ता बदलता येत नाही, म्हणून त्याला बाहेरून फसवायचं. हवेच्या सेन्सरला रेझिस्टर लावला की इंधन वाढतं. बूस्ट, म्हणजे टर्बोनं हवेला दिलेला जादा दाब, वाढवल्यावर संगणक इंधन तोडतो, ते थांबवायला प्रेशर सेन्सरच्या सिग्नलवर तो अडवून धरणारा क्लॅम्प बसवायचा. फ्युएल प्रेशर वाढवायचं. एक्झॉस्टमधल्या मूळच्या ऑक्सिजन सेन्सरला मल्टिमीटर लावायचा, ०.९ व्होल्ट दिसले की काळजी नाही. रिच म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल जास्त असलेलं मिश्रण, आणि त्याबद्दल शेवटी ठळक अक्षरांत: "रिच म्हणजे सेफ. इंजिनाला काहीही होत नाही."

इंजिनाला होतं. मी अशी इंजिनं उघडलेली आहेत, म्हणून आज वेळ काढून लिहायला बसले.

सगळ्यात आधी रेझिस्टर, कारण सगळ्यांत जास्त नुकसान त्याच मुद्द्यानं होतंय आणि तोच सगळ्यांत सोपा असल्यामुळे पोरं तो आधी करून बघतात.

हा सेन्सर म्हणजे तापलं की रोध कमी होणारा एक थर्मिस्टर. बॉशच्या नेहमीच्या सेन्सरच्या डेटाशीटमध्ये तक्ता दिलेला असतो. २० अंशांना २,५०० ओहम, ४० ला १,१७५, ६० ला सुमारे ६००, ८० ला सुमारे ३२०, १०० ला १९० च्या आसपास. आता या प्रत्येक आकड्यात हजार मिळवा आणि त्याच तक्त्यात उलटं वाचा. फॉरवर्ड पाठवणाऱ्यांपैकी एकानं जरी हे पाच मिनिटांचं गणित केलं असतं, तरी तो पुढे गेला नसता.

हवा खरोखर २० अंश असेल तर संगणकाला १२ दिसते. फरक आठ अंशांचा. हवा ६० अंश असेल तर त्याला ३२ दिसते. ८० असेल तर ३७. आणि १०० असेल तर ४०. म्हणजे हवा जितकी जास्त तापलेली, तितकं खोटं मोठं. साठ, ऐंशी, शंभर, यांतलं काहीही असलं तरी संगणकाच्या लेखी हवा कोमटच. ज्या क्षणी त्याला खरं तापमान कळायला हवं, नेमक्या त्याच क्षणी तुम्ही त्याचे डोळे बांधलेत.

आणि टर्बो गाडीत हवा तापतेच. ३० अंशांची हवा ०.८ बार बूस्टला दाबली, कॉम्प्रेसर ७० टक्के कार्यक्षम धरला, तर ती बाहेर पडते सुमारे ११० अंशांनी. पुढे इंटरकूलर ती थंड करतो, पण घाटात, ट्रॅफिकमध्ये किंवा पाठोपाठ दोनतीनदा ताणल्यावर इंटरकूलर स्वतःच तापलेला असतो.

बरं, इंधन तरी वाढतं का? थोडं वाढतं, जिथे संगणक दाब आणि तापमान यांवरून हवेचा हिशेब करतो तिथे. थंड हवा जास्त दाट असते, म्हणून ६० अंशांची हवा ३२ ची समजली तर तो साधारण ९ टक्के जास्त पेट्रोल देतो. पण रोजच्या चालीत ऑक्सिजन सेन्सर जागा असतो. त्याला मिश्रण रिच दिसतं, तो इंधन कमी करायला लावतो, आणि ही दुरुस्ती संगणक फ्युएल ट्रिम म्हणून लक्षात ठेवतो. बऱ्याच गाड्यांत हीच साठवलेली ट्रिम पूर्ण अ‍ॅक्सिलरेटरलाही लागू होते. म्हणजे वाढवलेलं पेट्रोल आठवडाभरात बरंचसं परत गेलेलं असतं. आणि ज्या गाडीत एअर मास सेन्सर आहे, तिथे हवेचं वजन थेट मोजलं जातं. तिथे या रेझिस्टरनं इंधनात जवळजवळ काहीच बदलत नाही.

मग भाच्याला गाडी "जाम पळतेय" असं का वाटलं? स्पार्कमुळे.

बॉशनं १९७९ मध्ये मोट्रॉनिक आणलं, आधी बीएमडब्ल्यूच्या ७३२आय मध्ये. इंधन आणि इग्निशन हे दोन्ही हिशेब तिथे एकाच पेटीत आले, आणि पुढे सगळीकडे तीच रीत झाली. म्हणून आजच्या गाडीत एखाद्या सेन्सरला खोटं बोलायला लावलं, तर ते खोटं फक्त इंधनापुरतं राहत नाही. तोच आकडा टायमिंगच्या, म्हणजे स्पार्क कधी द्यायचा त्या तक्त्यातही जातो. हवा गरम झाली की नॉकिंग होऊ नये म्हणून संगणक स्पार्क उशिरा देतो, टायमिंग मागे घेतो. रेझिस्टरनं ते मागे घेणंच बंद पडलं. टायमिंग पुढे राहिलं, म्हणून गाडी चपळ वाटली. तुम्ही इंधन नाही वाढवलंत, तुम्ही गरम हवेवरचं संरक्षण काढून टाकलंत.

नॉकिंग म्हणजे नेमकं काय होतं तेही सांगते, कारण पोरांना वाटतं की तो फक्त टकटक आवाज आहे. स्पार्कनं पेटवलेली ज्योत सिलिंडरच्या कडेला पोचायच्या आत तिथलं उरलेलं मिश्रण दाबानं आणि उष्णतेनं आपोआप, एकदम पेटतं. दाबाचे हादरे बसतात. पिस्टनच्या माथ्यावर उष्णता अडवून ठेवणारा हवेचा पातळ थर त्यानं विस्कटतो आणि अ‍ॅल्युमिनिअम थेट भाजून निघतं. बूस्टखाली हे काही सेकंद चाललं तरी पिस्टनच्या रिंगांमधला पट्टा तडकू शकतो.

गेल्या वर्षी असंच एक इंजिन माझ्यासमोर आलं. तक्रार एवढीच की गाडी तेल खातेय आणि थरथरतेय. तिसऱ्या सिलिंडरचा प्लग काढला. पांढऱ्या पोर्सेलिनवर मिरपूड शिंपडावी तसे बारीक ठिपके होते, काही काळे, काही चंदेरी. ते चंदेरी कण म्हणजे पिस्टनचं अ‍ॅल्युमिनिअम. नखानं खरवडले तर निघेनात. पिस्टन बाहेर आल्यावर पहिल्या आणि दुसऱ्या रिंगेमधला तुकडा हातात आला. आणि वायरिंग तपासताना चिकटपट्टीखाली काय सापडलं असेल ते वेगळं सांगायला नको. एक किलोओहम.

भाच्याच्या गाडीला मी दुसऱ्या दिवशी स्कॅनर लावला. चढावर तिसऱ्या गिअरमध्ये ताणल्यावर स्कॅनर इनटेकचं तापमान सांगत होता ३४. सेन्सरशेजारी मी स्वतः घातलेला प्रोब सांगत होता ६६. चार हजार आरपीएमला नॉक सेन्सर पाच अंश (हे अंश क्रँकच्या फिरण्याचे) टायमिंग मागे ओढत होता. म्हणजे त्या बिचाऱ्या सेन्सरला रोज रेझिस्टरचं निस्तरावं लागत होतं. आणि सपाट रस्त्यावर ट्रिम उणे ६. रेझिस्टरनं दिलेलं इंधन संगणकानं केव्हाच परत घेतलं होतं.

कुणी म्हणेल, नॉक सेन्सर आहे ना, मग काळजी कसली? तो नॉकिंग झाल्यावर ओरडतो, होण्याआधी नाही. आणि त्याच्या मागे ओढण्यालाही मर्यादा असते. हवेच्या तापमानाचा तक्ता पहिली भिंत, नॉक सेन्सर दुसरी. पहिली पाडून दुसरीच्या भरवशावर गाडी ताणायची नसते.

हीच युक्ती कूलंटच्या सेन्सरला लावा असंही काही जण सांगतात. इंजिन थंड आहे असं समजून संगणक जास्त पेट्रोल देत राहतो, रेडिएटरचा पंखा उशिरा लागतो, ऑक्सिजन सेन्सरचं ऐकणंही लांबू शकतं. यावर जास्त लिहीत नाही. करू नका.

आता क्लॅम्प. संगणकाचा प्रेशर सेन्सर एका ठरावीक दाबापर्यंतच मोजू शकतो आणि त्याच्या वर गेलं की संगणक इंधन तोडतो. लोकांना वाटतं कंपनीनं मुद्दाम ताकद अडवून ठेवलीय. अहो, त्याच्या पुढचा तक्ताच त्याच्याकडे नाही! ज्या दाबाला किती पेट्रोल आणि किती टायमिंग द्यायचं हे माहीतच नाही, तिथे तो इंजिन बंद करणं पसंत करतो. क्लॅम्प काय करतो, तर सिग्नल त्या मर्यादेच्या किंचित खाली धरून ठेवतो. दाब वाढत राहतो, संगणकाला तो थांबलेला दिसतो.

आकड्यांत बघा. लॅम्डा म्हणजे हवा-पेट्रोलच्या प्रमाणाचा आकडा, १ च्या खाली रिच. समजा ०.७ बार बूस्टला मिश्रण लॅम्डा ०.८२ आहे, म्हणजे टर्बो पेट्रोलसाठी रास्त रिच. क्लॅम्प ०.७ वर बसवला आणि बूस्ट नेला १ बारला. वातावरणाचा १ बार धरून निरपेक्ष दाब १.७ चा २ झाला. हवा जवळजवळ १८ टक्के वाढली, पेट्रोल तेवढंच राहिलं. लॅम्डा पोचला ०.९६ ला. हे पूर्ण बूस्टवर. वर टायमिंगही ०.७ बारचंच. या स्थितीत इंजिन किती वेळ टिकेल हे नशिबावर आहे, आणि मी नशिबावर गाडी सोडत नाही. त्यात आधीचा रेझिस्टरही असेल, तर बोलायलाच नको.

फ्युएल प्रेशरचा मुद्दा मात्र अर्धा खरा आहे, मान्य करावं लागेल. इंजेक्टरमधून किती पेट्रोल जाईल हे आत-बाहेरच्या दाबातल्या फरकावर ठरतं. रेलमध्ये, म्हणजे इंजेक्टरना पेट्रोल देणाऱ्या नळीत, कायम ३ बार असेल आणि मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेच्या वाटेत, ०.८ बार बूस्ट आला, तर फरक उरतो २.२. प्रवाह १४ टक्क्यांनी घटतो, तोही नेमका गरजेच्या वेळी. म्हणून बूस्टबरोबर बारला बार चढणारा, मॅनिफोल्डला नळीनं जोडलेला रेग्युलेटर ही चांगली आणि योग्य गोष्ट आहे, जिथे कंपनीनं हा फरक आधीच हिशेबात धरलेला नाही तिथे. नॉन-टर्बो गाडीला मागून टर्बो लावलेल्यांनी हे तपासायलाच हवं.

पण फॉरवर्ड ते सांगत नाही. तो सांगतो, दाब वाढवत जा. प्रवाह दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. ३ चे ४ बार केले तर मिळतात १५ टक्के. दुप्पट पेट्रोल हवं तर दाब चौपट, म्हणजे १२ बार. तोवर पंपाचा प्रवाह घटलेला असतो आणि त्या दाबाविरुद्ध उघडताना इंजेक्टरची सुई अडखळते. शिवाय वाढवलेला दाब आयडलपासून सगळीकडे लागू होतो आणि ट्रिम पुन्हा ते सगळं खाऊन टाकते.

इंजेक्टरला वेळही मोजून मिळतो. ६,००० आरपीएमला पूर्ण चक्र, म्हणजे दोन फेरे, २० मिलिसेकंदांचं. १७ मिलिसेकंद इंजेक्टर उघडा असेल तर ८५ टक्के वापर झाला, पुढे फारशी जागा नाही. हा आकडा स्कॅनरवर अनेकदा फुकट दिसतो. आधी तो बघा, मग इंजेक्टर पुरतात की नाही यावर बोला. आणि मोठे इंजेक्टर टाकून एअर मास सेन्सरचा सिग्नल कमी करायचा सल्ला कुणी दिला, तर तिथेही तेच होतं: संगणकाला लोड कमी दिसतो आणि तो टायमिंग पुढे नेतो.

ऑक्सिजन सेन्सरवरचे ०.९ व्होल्ट. मूळचा सेन्सर नॅरोबँड असतो. तो लॅम्डा १ च्या, म्हणजे वजनानं १४.७ ला १ या प्रमाणाच्या, इकडे की तिकडे एवढंच नीट सांगतो. साधारण ०.४५ व्होल्टला उडी. उडीनंतर रिच बाजूला रेघ जवळजवळ सपाट, आणि सेन्सर तापला की तीही हलते. ०.८२ ला आणि ०.९२ ला मल्टिमीटरवर फारसा फरक दिसणार नाही, इंजिनाला मात्र तो जीवनमरणाचा असतो. लॅम्डाचा नेमका आकडा दाखवणारा वाइडबँड सेन्सर लावा. त्याशिवाय बूस्टच्या स्क्रूला हात लावू नका.

"रिच म्हणजे सेफ" हेही एका हद्दीपर्यंतच. फार रिच झालं की पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं तेल धुतं, इंजिन ऑइल पातळ करतं, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जाळतं. डिझेलचे दाखले इथे आणू नका. डिझेल कायम लीनच, म्हणजे हवा जास्त ठेवूनच चालतं आणि तिथे इंधन वाढवलं की उष्णता वाढते. पेट्रोलचं गणित वेगळं आहे.

संगणक खरंच अपुरा असेल तर मार्ग आहेत. मूळ संगणकाचा तक्ता वाचून नीट बदलता येतो का ते बघणं, नाहीतर मोठ्या रेंजचा प्रेशर सेन्सर वाचू शकणारा स्वतंत्र संगणक, ज्यात इंधन आणि टायमिंग दोन्ही लिहिता येतात. तेही जमत नसेल तर बूस्ट कंपनीनं दिलाय तिथेच ठेवायचा.

रविवारी सकाळी आम्ही दोघांनी मिळून रेझिस्टर काढला, वायर सोल्डर करून त्यावर नळी चढवली आणि ट्रिम पुसून पुन्हा शिकायला सोडली. चारही प्लग काढले. तीन स्वच्छ होते. चौथ्यावर भिंगाखाली दोन काळे ठिपके दिसले, चंदेरी एकही नाही. भाचा बराच वेळ तो प्लग उन्हात धरून बघत होता. बूस्ट मूळ जागी आणलाय, आणि वाइडबँड येईपर्यंत तो तिथेच राहील असं त्यानं स्वतःहून सांगितलं. महिन्याभरानं तोच चौथा प्लग पुन्हा काढून बघणार आहोत.